बिग बेन: मनोरा, घड्याळ आणि तडा गेलेली घंटा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

लंडनमध्ये घर केल्यापासून आमच्याकडे पाहुण्यांचा राबता असतो. जो येतो तो वेस्टमिन्स्टरच्या पुलावर उभा राहून फोटो काढतो, आणि परत गेल्यावर फोटोसोबत एखादी शंका पाठवतो. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा यायला लागले, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली. सोपे प्रश्न आधी आहेत, किचकट नंतर. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे उगाळलेली नाही, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बिग बेन म्हणजे नक्की काय? मनोरा, घड्याळ की घंटा?

घंटा. मनोऱ्याच्या वरच्या मजल्यावर टांगलेली, तासाचे टोले देणारी १३.७ टनांची मोठी घंटा म्हणजे बिग बेन. तिचं कागदोपत्री नाव नुसतंच ‘ग्रेट बेल’. मनोऱ्याला बरीच वर्षं ‘क्लॉक टॉवर’ म्हणत. २०१२ मध्ये राणी एलिझाबेथ दुसरी यांच्या कारकिर्दीला साठ वर्षं झाली, तेव्हा त्याचं नाव ‘एलिझाबेथ टॉवर’ झालं. जुन्या पुस्तकांत ‘सेंट स्टीफन्स टॉवर’ असंही सापडतं. ती व्हिक्टोरियन काळातल्या पत्रकारांची सवय होती, अधिकृत नाव ते कधीच नव्हतं.

तरीही मनोऱ्याला बिग बेन म्हटलं म्हणून कुणी हसत नाही. इथले लोकही तसंच म्हणतात. पाहुण्यांना दर वेळी दुरुस्त करणारा एखादा जावई प्रत्येक घरात असतो. आमच्याकडे तो मी आहे.

२. हा ‘बेन’ कोण?

दोन दावेदार आहेत आणि दोघंही बेंजामिन. पहिले सर बेंजामिन हॉल. घंटा ओतली गेली तेव्हा सार्वजनिक बांधकाम खातं त्यांच्याकडे होतं. गडी उंचापुरा. पहिल्या घंटेवर त्यांचं नाव कोरलेलं होतं (दोन घंटा कशा, ते प्रश्न ४ मध्ये). दुसरा बेन कॉन्ट, त्या काळचा नावाजलेला हेवीवेट मुष्टियोद्धा. त्यालाही लोक ‘बिग बेन’ म्हणत.

घंटेच्या नावावर संसदेत हॉलसाहेबांचं लांबलचक भाषण चाललं होतं, तेव्हा मागून कुणीतरी कंटाळून ओरडलं, “बिग बेन म्हणा आणि संपवा!” अशी एक मजेदार गोष्ट सांगतात. कामकाजाच्या वृत्तांतात तिची नोंद नाही. माझा कल हॉल यांच्याकडे आहे. ज्याच्या सहीने बिलं निघतात त्याच्याच नावाने काम ओळखलं जातं, हे आपल्या नगरपालिकांना नव्याने सांगायला नको.

३. मनोरा कधी आणि का बांधला? किती उंच आहे?

पार्लमेंटची आधीची इमारत, म्हणजे वेस्टमिन्स्टरचा राजवाडा, जळाली म्हणून. इंग्लंडच्या सरकारी तिजोरीचे हिशेब शतकानुशतकं लाकडी काठ्यांवर खाचा पाडून ठेवले जात. ती पद्धत बंद झाल्यावर काठ्यांचे ढीग उरले. १६ ऑक्टोबर १८३४ ला ते लॉर्ड्स सभागृहाखालच्या भट्ट्यांत जाळायला घेतले. दिवसभर काठ्या कोंबल्या, धुराडी तापली आणि रात्रीपर्यंत बहुतेक सगळा राजवाडा पेटला. गावात वाटल्या असत्या तर लोकांच्या चुली तरी पेटल्या असत्या.

नव्या इमारतीची स्पर्धा चार्ल्स बॅरी यांनी जिंकली. घड्याळाचा मनोरा मात्र त्यांनी ऑगस्टस प्यूजिन यांच्याकडून रेखाटून घेतला. प्यूजिन यांचं हे शेवटच्या कामांपैकी एक. त्यानंतर त्यांचं मानसिक संतुलन ढासळलं आणि १८५२ मध्ये, चाळिशीच्या सुमारास, ते गेले. मनोरा पुरा झालेला त्यांनी पाहिला नाही. पायाभरणी १८४३ ची, आणि घड्याळ चालू झालं १८५९ मध्ये.

उंची ९६ मीटर. घंटेपर्यंत ३३४ पायऱ्या. संसदेच्या इमारतीतला हा सर्वांत उंच मनोरा असं बहुतेकांना वाटतं, पण दुसऱ्या टोकाचा चौकोनी व्हिक्टोरिया टॉवर त्याहून दोन-अडीच मीटर उंच आहे. त्याच्यावर घड्याळ नाही, म्हणून त्याचे फोटो कुणी काढत नाही.

४. घंटा दोनदा ओतावी लागली, हे खरं का?

खरं आहे, आणि या सगळ्या इतिहासातला सर्वांत रंगतदार भाग हाच.

पहिली घंटा ऑगस्ट १८५६ मध्ये इंग्लंडच्या ईशान्येला, स्टॉक्टनजवळच्या नॉर्टन गावी, जॉन वॉर्नर यांच्या कारखान्याने ओतली. वजन सोळा टन. रेल्वेने बंदरापर्यंत आणि तिथून जहाजाने ती लंडनला आणली. मनोरा तयार नव्हता, म्हणून खाली पार्लमेंटच्या आवारात टांगून ती वाजवून बघत. लोक ऐकायला जमत. १७ ऑक्टोबर १८५७ ला चाचणी चालू असतानाच तिला मोठा तडा गेला.

का गेला? कारखानदार म्हणाले, हातोडा वाढवला म्हणून. ठरलेला हातोडा साधारण ३५५ किलोचा होता. घंटेचा आराखडा करणारे एडमंड बेकेट डेनिसन यांनी तो ६६० किलोपर्यंत नेला होता. डेनिसन म्हणाले, ओतकामच वाईट. (हे गृहस्थ कोण, ते प्रश्न ६ मध्ये.)

यात धातूचाही वाटा होता. घंटेचा धातू म्हणजे आपलं कासं, तांबं आणि कथील. तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीने घासतात, ती वाटी हातातून फरशीवर पडली तर काय होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच पटेल. तांब्याचं भांडं पोचतं, काशाचं तडकतं. कथील वाढवलं की नाद गोड आणि लांबतो, पण ठिसूळपणाही वाढतो. डेनिसन यांनी २२ भाग तांब्याला ७ भाग कथील धरलं होतं, म्हणजे नेहमीच्या घंटेपेक्षा कडक मिश्रण. त्यावर दुप्पट वजनाचा हातोडा.

फुटलेल्या घंटेचे तुकडे वितळवून दुसरी घंटा लंडनमध्येच, व्हाइटचॅपलच्या ओतशाळेत, १० एप्रिल १८५८ ला ओतली गेली. साचा निवायलाच वीस दिवस लागले. मग सोळा घोडे जोडलेल्या गाड्यावरून तिची मिरवणूक निघाली. रस्ते सजवलेले, दुतर्फा गर्दी. आपल्याकडे तोफ गावात येई तसाच थाट. मनोऱ्याची आतली पोकळी अरुंद, आणि घंटा तोंडाशी २.७ मीटर रुंद, उंचीला २.२ मीटर. म्हणून ती आडवी करून, साखळदंड आणि चाकांच्या जोरावर वर ओढली. या चढाईला तीस तास लागले.

११ जुलै १८५९ ला तिने पहिला टोला दिला. सप्टेंबरात तीही तडकली.

५. मग आत्ता वाजते ती तडा गेलेलीच घंटा?

हो. तीच.

दुसऱ्या तड्यानंतर चार वर्षं बिग बेन गप्प होती. तोवर पावतासाच्या चार घंटांपैकी सर्वांत मोठीवर तासाचे टोले देत. शेवटी राजखगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी साधा तोडगा सुचवला. घंटा जागच्या जागी थोडी फिरवायची, म्हणजे हातोडा धड जागी पडेल. हातोडा हलका करायचा (आजचा २०० किलोचा आहे). आणि तडा पुढे पसरू नये म्हणून त्या जागी एक चौकोनी तुकडा कापून काढायचा. १८६३ पासून थोडेफार खंड वगळता घंटा तशीच वाजते आहे.

माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो. खणखणीत वाजला तर घेतो, बद्द वाजला तर खाली ठेवतो. त्या न्यायाने बिग बेन दुकानातच राहिली असती. तिचा नाद ‘ई’ स्वराच्या आसपासचा, पण त्यात एक किंचित किरटी, थरथरती कड आहे. ती तड्याची देणगी. जगभरच्या रेडिओ ऐकणाऱ्यांच्या कानात बसलेला आवाज हाच आहे. म्हणून ‘नवी का ओतत नाहीत’ या प्रश्नाला मी उलटा प्रश्न विचारतो: नवी घंटा बिग बेनसारखी वाजेल का?

६. डेनिसन कोण होते? प्रत्येक भांडणात त्यांचंच नाव का येतं?

पेशाने वकील, हौशी घड्याळजी, आणि स्वभावाने, पुणेरी भाषेत सांगायचं तर, ‘आमचं चुकत नाही’ पंथाचे. मनोऱ्याच्या घड्याळासाठी एअरी यांनी एक अट घातली होती: तासाचा पहिला टोला एका सेकंदाच्या आत अचूक पडला पाहिजे. जाणत्या घड्याळजींनी हात वर केले. एवढ्या उंचीवर, उघड्या वाऱ्यात, अशी अचूकता शक्य नाही म्हणाले. डेनिसन यांनी आराखडा केला, आणि १८५२ मध्ये एडवर्ड डेंट यांना काम मिळालं. डेंट पुढच्याच वर्षी वारले. त्यांचे सावत्र पुत्र फ्रेडरिक यांनी १८५४ मध्ये घड्याळ पुरं केलं.

मनोरा मात्र अर्धाच झाला होता. घड्याळ पाच वर्षं कारखान्यात पडून राहिलं. दुसरा कुणी वैतागला असता. डेनिसनही वैतागले, पण या रिकाम्या वेळात त्यांनी घड्याळाचा सर्वांत महत्त्वाचा भाग नव्याने शोधून काढला (प्रश्न ७). बांधकामाला उशीर झाला नसता तर हे घड्याळ इतकं चांगलं झालं नसतं.

आता दुसरी बाजू. ते बॅरींशी भांडले. एअरींशी भांडले, एअरी बाजूला झाले. दुसरी घंटा तडकल्यावर ती ओतणाऱ्या जॉर्ज मिअर्स यांच्यावर लबाडीचा आरोप केला. मिअर्स यांनी बदनामीचा दावा लावला आणि वकील डेनिसन हरले. वीसेक वर्षांनी पुन्हा तोच आरोप, पुन्हा दावा, पुन्हा हार. घड्याळाच्या बाबतीत हा माणूस बरोबर होता आणि घंटेच्या बाबतीत चूक. त्याला स्वतःला दोन्हींत फरक दिसला नाही.

७. एवढं जुनं घड्याळ इतकं अचूक कसं चालतं?

मनोऱ्यावरच्या घड्याळाचा शत्रू म्हणजे वारा. काट्यांवर वारा, पाऊस, बर्फ आदळतं. तो धक्का दातेरी चाकांतून लंबकापर्यंत पोचला की लंबकाची लय बिघडते.

डेनिसन यांनी चाकं आणि लंबक यांची थेट गाठच पडू दिली नाही. चाकं फक्त दोन छोट्या दांड्या आळीपाळीने वर उचलतात. उचललेली दांडी स्वतःच्या वजनाने खाली येते आणि येता येता लंबकाला हलकासा ढकला देते. दांडीचं वजन कायम सारखं, म्हणून ढकलाही कायम सारखा. बाहेर वादळ असो वा शांत, लंबकाला पत्ता नसतो. झोपाळ्यावरच्या मुलाला बापाने कधी जोरात, कधी हळू ढकलण्याऐवजी दर खेपेला नेमकं तेवढंच ढकलावं, तसं हे. पुढे जगभर मनोऱ्यावरच्या घड्याळांत ही रचना वापरली गेली.

लंबक ४.४ मीटर लांब, ३१० किलोचा, आणि दर दोन सेकंदांनी एक ठोका. त्याची दांडी जस्त आणि पोलाद यांच्या नळ्यांची आहे, उन्हाने एक धातू जितका वाढतो ते दुसरा भरून काढतो. संपूर्ण यंत्र पाच टनांचं.

८. लंबकावर नाणी ठेवतात म्हणे. ही थाप आहे ना?

थाप नाही. जुनी मोठी एक पेनी लंबकावर ठेवली की घड्याळ दिवसाला ०.४ सेकंद पुढे जातं. काढली की तेवढंच मागे. नाण्यामुळे लंबकाचा गुरुत्वमध्य केसभर वर सरकतो, म्हणजे लंबक जणू किंचित आखूड होतो, आणि आखूड लंबक जलद हलतो. अडीच-तीन सेकंदांचा फरक दुरुस्त करायला चिमटीभर काम पुरतं. २००९ मध्ये दहा पेनींपैकी तीन काढून त्या जागी लंडन ऑलिंपिकचं पाच पौंडांचं नाणं ठेवलं.

९. किल्ली कोण देतं?

संसदेचे स्वतःचे घड्याळजी आहेत, ते सोमवार, बुधवार, शुक्रवार असे आठवड्यातून तीनदा वर चढतात. वेळ चालवणारा भाग अजूनही हाताने गुंडाळतात. टोले आणि सूर वाजवणारी वजनं फार जड, त्यांना गेल्या शतकाच्या सुरुवातीला विजेची मोटर लावली.

१०. तबकड्या किती मोठ्या? आणि चारचा आकडा वेगळा का?

चार बाजूंना चार, प्रत्येकी सुमारे ७ मीटर व्यासाच्या. आपल्या दोन मजली घराएवढी उंची झाली. प्रत्येकीत दुधी काचेचे ३२४ तुकडे. मिनिट काटा ४.२ मीटरचा, तांब्याच्या पत्र्याचा आणि पोकळ, वजन १०० किलो. आधी ओतीव लोखंडाचे बसवले होते, ते इतके जड निघाले की बदलावे लागले. तास काटा २.७ मीटरचा, पण वजन ३०० किलो.

रोमन आकड्यांच्या बहुतेक घड्याळांत चार म्हणून चार उभ्या रेघा असतात. इथे मात्र पाचाच्या डावीकडे एक रेघ, असा व्याकरणशुद्ध चार आहे. प्रत्येक तबकडीखाली लॅटिनमध्ये एक ओळ आहे: हे प्रभो, आमच्या व्हिक्टोरिया राणीला सुरक्षित ठेव.

११. पावतासाला वाजतो तो सूर कुठून आला? आमच्या घरच्या घड्याळातही तोच आहे!

असणारच. भिंतीवरच्या क्वार्ट्‌झ घड्याळांनी तो आपल्या बैठकीच्या खोल्यांत कधीच आणून ठेवलाय. दुपारी वामकुक्षी मोडणारा तोच तो.

मूळ सूर केंब्रिजच्या ग्रेट सेंट मेरी चर्चचा, १७९३ सालचा. हँडेलच्या ‘मसाया’तल्या एका ओळीवरून तो सुचला असं परंपरा सांगते. लंडनने तो उचलला आणि मग त्याला ‘वेस्टमिन्स्टर’ हेच नाव चिकटलं. केंब्रिजवाल्यांना त्याचं अजून वाईट वाटतं.

बिग बेन हा सूर वाजवत नाही, हे लक्षात ठेवा. तिच्या शेजारी चार लहान घंटा आहेत, ते त्यांचं काम. पावतासाला चार स्वर, अर्ध्या तासाला आठ, पाऊण तासाला बारा, पूर्ण तासाला सोळा. मग क्षणभर शांतता आणि बिग बेनचे टोले. बरोबर वेळ म्हणजे पहिल्या टोल्याचा क्षण, सूर सुरू होतो तो नव्हे. दिवसभरात बिग बेनचे एकूण टोले किती, असं एका शाळकरी वाचकाने विचारलं होतं. एक ते बारांची बेरीज ७८, दोनदा, म्हणजे १५६.

१२. घंटा ओढतं कोण? आपल्या देवळातल्यासारखा दोर असतो का?

नाही. देवळातल्या घंटेत आत लोळा लोंबतो, तो हलवून आपण घंटा वाजवतो. बिग बेन जागची हलत नाही, बाहेरून हातोडा पडतो आणि तो उचलण्याचं काम घड्याळाचं यंत्रच करतं. वर जाऊन पाहिलं तर टोल्याआधी एक गंमत दिसते. तारा ताणल्याचा करकर आवाज येतो, हातोडा हळूच मागे जाऊन क्षणभर थांबतो, आणि मगच पडतो. त्या क्षणभरात सगळे जण श्वास धरून असतात. कानात बोळे घातलेले असतात तरी टोला कानाने नव्हे, छातीने ऐकू येतो.

१३. जगातली सर्वांत मोठी घंटा हीच ना?

नाही, ब्रिटनमधलीही नाही. १८८२ मध्ये लंडनच्याच सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये ‘ग्रेट पॉल’ बसली, ती साधारण १७ टनांची, तेव्हा बिग बेनचा मान गेला. २०१२ च्या ऑलिंपिकसाठी ओतलेली घंटा २३ टनांची आहे. आपल्या शेजारी म्यानमारमध्ये मिंगुनची घंटा सुमारे ९० टन भरते. व्हाइटचॅपलच्या ओतशाळेने केलेली सर्वांत मोठी मात्र बिग बेनच. अमेरिकेची मूळ ‘लिबर्टी बेल’ही तिथलीच, आणि तीही तडकली. ही ओतशाळा २०१७ मध्ये बंद झाली.

१४. घड्याळ कधी बंद पडलं किंवा चुकलं आहे का?

पुष्कळदा, आणि कारणं बघण्यासारखी आहेत. १९४९ मध्ये साळुंकीच्या जातीतल्या पक्ष्यांचा थवा मिनिट काट्यावर येऊन बसला आणि घड्याळ साडेचार मिनिटं मागे पडलं. १९६२ चं नवं वर्ष काट्यांवरच्या बर्फामुळे सुमारे दहा मिनिटं उशिरा आलं. २७ मे २००५ ला उकाड्याच्या दिवशी रात्री १० वाजून ७ मिनिटांनी ते थांबलं.

खरा अपघात एकच. ५ ऑगस्ट १९७६ च्या पहाटे सूर वाजवणाऱ्या यंत्राचा एक भाग धातू थकल्यामुळे तुटला. वेग आवरणारा पंखाच निकामी झाल्यावर टनावारी वजन भरधाव खाली आलं, यंत्र भोवऱ्यासारखं फिरलं आणि त्याचे तुकडे खोलीभर उडाले. खोलीत कुणी नव्हतं हे नशीब. पूर्ण दुरुस्ती होऊन सगळं सुरळीत व्हायला ९ मे १९७७ उजाडला.

१५. महायुद्धात घंटा बंद होती, असं आजोबा सांगायचे. खरं का?

कोणतं महायुद्ध त्यावर अवलंबून. पहिल्यात दिवे मालवले होते आणि घंटाही दोन वर्षं गप्प होत्या, त्या ११ नोव्हेंबर १९१८ ला पुन्हा वाजल्या. दुसऱ्यात तबकड्या अंधारात होत्या, पण घंटा वाजत राहिल्या. मे १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात कॉमन्सचं सभागृह उद्ध्वस्त झालं, मनोऱ्याच्या एका तबकडीच्या काचा फुटल्या, घड्याळ चालूच राहिलं. आजोबांनी रेडिओवर टोले ऐकले असतील तर ते दुसऱ्या युद्धातलेच (प्रश्न १६).

१६. रेडिओवर ऐकणाऱ्याला टोला आधी ऐकू येतो, पुलावर उभ्या असलेल्याला नंतर. हे कसं शक्य आहे?

बीबीसीने ३१ डिसेंबर १९२३ च्या मध्यरात्री हे टोले पहिल्यांदा प्रसारित केले. पुढे घंटेजवळच माइक बसवला. आता हिशेब करा. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणून तीनशे मीटरवर पुलाच्या पलीकडे उभ्या माणसाला टोला जवळजवळ एका सेकंदाने ऐकू येतो. रेडिओ लहरी प्रकाशाच्या वेगाने जातात. लंडन ते पुणे सात हजार किलोमीटरच्या वर, पण ते अंतर त्यांना सेकंदाचा चाळिसावा भागही नाही. म्हणजे जुन्या काळी लघुलहरीवर बीबीसी लावून बसलेल्या पुण्यातल्या माणसाने टोला आधी ऐकला, लंडनमधल्याने नंतर.

आता हे चालत नाही. मोबाइलवर किंवा डिजिटल रेडिओवर आवाज काही सेकंद मागे पडतो. तरी रेडिओ ४ वर संध्याकाळी सहाला आणि मध्यरात्री टोले अजून थेट येतात. भारतात ते कधी ऐकायचे, ते पुढच्या उत्तरातल्या फरकावरून काढता येईल.

१७. इथे वर्षातून दोनदा वेळ बदलते. तेव्हा एवढं मोठं घड्याळ कसं बदलतात?

मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. घड्याळजी शनिवारी रात्री तबकड्यांचे दिवे बंद करतात, म्हणजे काटे भलतीकडे असताना कुणाची फसगत होऊ नये. घंटा थांबवतात, काटे हलवतात, यंत्राची तपासणी उरकून घेतात. काही तासांचं काम.

भारताशी फरक हिवाळ्यात साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार. ‘लंडनला किती वाजले असतील’ याची आमच्या आईने एक युक्ती काढली होती: मनगटी घड्याळ उलटं धरायचं. सहाच्या जागी बारा येतात, आणि साडेपाच तासांचा फरक बरोबर वाचता येतो. उन्हाळ्यात ती युक्ती एका तासाने चुकते, मग रात्री उशिरा फोन येतो.

१८. २०१७ ते २०२२ घंटा बंद का ठेवली होती?

मोठ्या दुरुस्तीसाठी. २१ ऑगस्ट २०१७ च्या दुपारी बारा टोले देऊन ती थांबली. घंटेजवळ आवाज ११८ डेसिबलपर्यंत जातो, तिथे रोज काम करणाऱ्यांचे कान गेले असते. मोठा गहजब झाला, खासदारांनी अश्रू ढाळले. यंत्र सुटं करून उत्तरेला कंब्रियात नेलं, तेव्हा ते पहिल्यांदाच संपूर्ण उतरवलं गेलं. मधल्या काळात एक तबकडी विजेच्या मोटरवर चालवली, लोकांना वेळ दिसावी म्हणून. आत शिरल्यावर ॲस्बेस्टॉस, शिशाचा रंग आणि युद्धातल्या बॉम्बची जुनी दुखणी सापडली, आणि खर्च फुगत सुमारे ८० दशलक्ष पौंडांवर गेला.

रंग खरवडताना मात्र मौज झाली. पिढ्यान्‌पिढ्या काळे दिसणारे काटे आणि आकडे मुळात प्रशियन निळे होते. आता ते पुन्हा निळे आहेत. म्हणून तुमच्या २०१० च्या फोटोत काळं आणि ताज्या फोटोत निळं दिसतं. फोनचा दोष नाही. नेहमीचे टोले १३ नोव्हेंबर २०२२ ला सुरू झाले.

मधली पाचही वर्षं ती पूर्ण मुकी नव्हती. नववर्षाला, युद्धातल्या मृतांच्या स्मरणदिनी ती वाजवली. ब्रेक्झिटच्या रात्री, ३१ जानेवारी २०२० ला, वाजवायची की नाही यावर रण माजलं. त्या एका प्रसंगाचा खर्च पाच लाख पौंड सांगितला गेला. शेवटी ध्वनिमुद्रणावर भागवलं.

१९. राजघराण्यातलं कुणी गेलं तर घंटा बंद ठेवतात की वाजवतात?

राजा किंवा राणी गेली तर अंत्ययात्रेत ठरावीक अंतराने एकेक टोला देतात. १९५२ मध्ये सहाव्या जॉर्जसाठी ५६ टोले पडले, त्यांच्या वयाइतके. २०२२ मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या वेळीही टोले पडले. पंतप्रधानांसाठी उलट: चर्चिल (१९६५) आणि मार्गारेट थॅचर (२०१३) यांच्या अंत्यसंस्काराच्या वेळी घंटा गप्प ठेवल्या.

२०. मनोऱ्यात तुरुंग आहे का?

कोठडी आहे, सभागृहाचा अवमान करणाऱ्या सदस्याला ठेवायची. शेवटचा कैदी चार्ल्स ब्रॅडलॉ, जून १८८०. निवडून आलेले, पण नास्तिक. बायबलवर शपथ घेण्यावरून झालेल्या वादात त्यांना एक रात्र तिथे काढावी लागली. हे नाव आपल्या ओळखीचं असायला हवं. भारताची बाजू पार्लमेंटात इतक्यांदा मांडली की त्यांना ‘भारताचे सदस्य’ म्हणत. १८८९ च्या मुंबई काँग्रेसला ते स्वतः आले होते. १८९१ मध्ये त्यांच्या अंत्ययात्रेला लंडनमध्ये शिकणारा एक तरुण गेला होता, मोहनदास गांधी.

२१. मुंबईचा राजाबाई टॉवर ही बिग बेनची नक्कल आहे का?

नक्कल म्हणणं अन्याय आहे, धाकटं भावंड म्हणा. लंडनचा मनोरा डोळ्यांसमोर होता हे नक्की. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा, त्यांनी तो लंडनमध्ये बसून केला. काम १८६९ मध्ये सुरू होऊन १८७८ मध्ये संपलं, उंची ८५ मीटर. पैसा प्रेमचंद रायचंद यांचा, नाव त्यांच्या आईचं. आईची दृष्टी अधू होती, आणि जैन रिवाजाप्रमाणे सूर्यास्ताआधी जेवायचं तर वेळ कळावी म्हणून घंटा हवी होती, असं मुंबईत सांगतात. वरच्या भागात पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या मूर्ती आहेत, तसं काही लंडनला नाही.

मुंबईचा आणखी एक तोरा होता. १९०६ पासून भारतभर एक प्रमाणवेळ झाली तरी मुंबईने कितीतरी वर्षं स्वतःची वेगळी वेळ चालू ठेवली, ३९ मिनिटं मागे.

२२. मनोरा कललाय असं वाचलं. पडणार का?

कललाय, वायव्येकडे, अंदाजे ०.२६ अंश. भुयारी रेल्वेचं नवं स्टेशन खोदताना खाली काँक्रीट भरून तो सांभाळला. पार्लमेंट स्क्वेअरमधून नीट पाहिलं तर डोळ्याला जाणवतं. पडणार नाही.

२३. शिखराजवळचा दिवा कधी लागतो, कधी लागत नाही. का?

त्याला ‘एअर्टन लाइट’ म्हणतात, १८८५ पासूनचा. अंधार पडल्यावरही दोन्हींपैकी एखादं सभागृह चालू असेल तर तो पेटतो. सदस्य काम करताहेत की घरी गेलेत, हे राणीला राजवाड्यातून दिसावं म्हणून लावला, असं म्हणतात.

२४. वर जाता येतं का? नाहीतर कुठे उभं राहून ऐकावं?

जाता येतं, पण तिकीट आधी काढून, लहान गटात, आणि ३३४ पायऱ्या स्वतःच्या पायांनी चढून. गुडघे कुरकुरत असतील तर आग्रह धरू नका. तिकिटं सुटली की चटकन संपतात, सहल ठरताच संसदेच्या संकेतस्थळावर बघून ठेवा.

ऐकायला मात्र वर जायची गरज नाही. स्टेशनाबाहेर मनोऱ्याच्या पायथ्याशी बस आणि ढोलकीवाल्यांच्या गोंगाटात निम्मा आवाज हरवतो. पूल ओलांडा, उजवीकडे नदीकाठच्या वाटेवर सेंट थॉमस हॉस्पिटलसमोरचा बाक धरा. रात्री दहानंतर, थंडीत, नदी शांत असताना या. माझ्या सासूबाई तिथे अकरा टोले मोजत बसल्या होत्या. शेवटचा टोला विरायला लागला तशा म्हणाल्या, “अगं बाई, हिच्या आवाजात काहीतरी चिरकतंय.” तोवर मी त्यांना तड्याबद्दल काही बोललो नव्हतो.